वाट वाकडी करून

यंदाच्या विशेष विभागाचा विषय ठरला, तेव्हा आमच्या एका जुन्या वर्गणीदारांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "सणासुदीला हे कशाला? फराळाच्या ताटाशेजारी ठेवायचा अंक आहे तुमचा." त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. दिवाळी अंकात कथा असावी, एखादं प्रवासवर्णन असावं, आणि कितीही नाकं मुरडली तरी राशिभविष्य असावंच लागतं. पण बायकांना रस्त्यात जे ऐकून घ्यावं लागतं, ते सणासुदीला थांबतं असं कुठं आहे? उलट वसुबारसेपासून गर्दी वाढत जाते. तुळशीबागेत म्हणा, दादरच्या रानडे रोडवर म्हणा, पणत्या आणि उटणं घ्यायला निघालेल्या बाईच्या एका हातात पिशवी असते आणि दुसरा हात कोपरात दुमडून छातीपाशी आडवा असतो. हा कोपर अंगात इतका मुरलेला असतो, की गर्दी नसली तरी आपोआप वर येतो. आईनं तो शिकवलेला नसतो. तेरा-चौदाव्या वर्षी कुणीतरी धक्का मारून निघून जातं, तेवढी एक शिकवणी जन्मभर पुरते.

तुळशीबागेतून भिडे वाड्याची जागा हाकेच्या अंतरावर आहे. जुना वाडा 2023च्या डिसेंबरात पाडला, आता तिथं राष्ट्रीय स्मारक व्हायचंय. 1848 साली सावित्रीबाई तिथल्या शाळेत शिकवायला जात, तेव्हा वाटेत त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकला जाई, खडे मारले जात, अर्वाच्य बोललं जाई. म्हणून त्या एक जादा लुगडं बरोबर नेत. ही हकिगत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, सावित्रीबाईंच्या धैर्याची म्हणून. ती तशी आहेच. पण शेण टाकणारे कोण होते? कुठल्या आळीतले, कुणाचे कोण? शेण टाकून झाल्यावर घरी जाऊन, हात धुऊन ते पंगतीला बसलेच असतील. त्यांना कुणी काही विचारल्याची नोंद नाही. लुगडं बदलावं लागलं ते बाईंना.

पुढची पस्तीस वर्षं ओलांडून बंगालमध्ये या. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. अठरावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला का जायचं, हे सांगायचं होतं. त्या भाषणात त्यांनी मुंबईतल्या शाळेच्या वाटेचं वर्णन केलं: हातात पुस्तकं, पायात बूट-मोजे घातलेली मुलगी बघायला लोक खिडकीतून माना बाहेर काढत, गाड्या थांबवत, तिला ऐकू जाईल अशा बेतानं हसत आणि शेरे मारत. आनंदीबाईंनी हे अतिशय सभ्य उपरोधानं सांगितलं. मला मात्र त्यातला 'तिला ऐकू जाईल अशा बेतानं' हा भाग फार ओळखीचा वाटतो. टोळक्यातला शेरा म्हटला तर मित्राला असतो, पण आवाज तिच्या अंतराला बरोबर जुळवलेला असतो. तिनं वळून पाहिलं, तर "तुला कोण बोललं?" हे उत्तर तयार असतं. दीडशे वर्षं होत आली, या युक्तीत काडीचा फरक पडलेला नाही.

आजचं जादा लुगडं निराळं असतं, इतकंच. कानात इअरफोन असतात, पण गाणं बंद असतं; मागून येणारी पावलं ऐकू यावीत म्हणून. रिक्षात बसल्याबसल्या "हो बाबा, नाक्यावर आलेच" असा फोन होतो आणि पलीकडे कुणीच नसतं. पर्सच्या पट्ट्याला सेफ्टी पिन अडकवलेली असते. बाइकवरून ट्रिपल सीट येऊन कट मारून जाणारी पोरं ज्या वळणावर भेटतात, ते वळण टाळून पलीकडच्या गल्लीनं जायचं असतं. या अंकात एका कॉलेजवयीन मुलीनं लेखाऐवजी नकाशा काढून पाठवला आहे. घर, कॉलेज आणि मधला सरळ रस्ता. सरळ रस्त्यावर तीन फुल्या आहेत: गॅरेज, पानटपरी, आणि एक बंद पडलेली बालवाडी, जिच्या पायऱ्यांवर दुपारनंतर पत्ते रंगतात. मग निळ्या शाईनं तिचा नेहमीचा रस्ता दाखवलाय. तो भाजी मंडईला वळसा घालून, देवळाच्या मागून, गुडघ्यात वाकलेल्या माणसासारखा कॉलेजच्या मागच्या दाराशी पोचतो. पावसाळ्यासाठी ठिपक्यांची वेगळी रेघ आहे, कारण देवळामागे पाणी साचतं. तिनं एकही प्रसंग लिहिलेला नाही. गरजही नव्हती.

या विषयावर बोलताना आपण नेहमी घटना मोजतो. किती तक्रारी आल्या, किती गुन्हे नोंदले, किती सुटले. पण वळसे कुठं मोजले जातात? ज्या दिवशी काहीच घडलं नाही, त्या दिवशीही ती वीस मिनिटं आधी निघालेली असते. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून हाच वळसा मोजून दाखवला. त्यांना असं दिसलं, की मुली जाण्या-येण्याचा रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून बऱ्यापैकी खालच्या दर्जाचं कॉलेज पत्करतात, जास्त पैसे आणि जास्त वेळ मोजतात. मुलगे त्या मानानं फारच कमी. म्हणजे गॅरेजपाशी उभ्या असलेल्या टोळक्याचा मुलीच्या पदवीवर, पर्यायानं पगारावर, परिणाम होतो. टोळक्याला याची गंधवार्ताही नसते. त्यांचा आपला टाइमपास चाललेला असतो.

खेड्यात हा हिशेब आणखी सरळ होतो. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर, मधे ऊस. वाटेत कुणीतरी मोटारसायकल आडवी घातली, हे घरी कळलं की पहिला प्रश्न 'कोण होता तो' हा नसतो. 'उद्यापासून शाळा बंद' हा निर्णय असतो. म्हणून शहाण्या मुली घरी सांगतच नाहीत. शाळा चालू ठेवायची असेल तर गप्प बसणं ही तिची फी असते. शाळा सुटली की वर्ष-दोन वर्षांत स्थळं यायला लागतात. बालविवाहाबद्दल आपण हुंडा, गरिबी, दुष्काळ यांवर पुष्कळ लिहितो. शाळेच्या वाटेवरची मोटारसायकलही त्या यादीत असायला हवी. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी गाड्या मुलींना शाळेपर्यंत नेतात, अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो, 17 मार्च 2023पासून तर सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. यातून बायका घराबाहेर पडल्या, हे कुठल्याही स्टँडवर उभं राहिलं की दिसतं. गाडी चुकली की काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

उपाय झालेच नाहीत, असं कुणी म्हणू नये. चर्चगेट–बोरिवली लेडीज स्पेशल 5 मे 1992 रोजी सुरू झाली. पुण्यात 2018च्या महिला दिनी तेजस्विनी बस आल्या. लोकलचा बायकांचा डबा तर आमच्यासारख्या कित्येकींचं दुसरं माहेर आहे, त्यातल्या भांडणांसकट. या सगळ्याबद्दल कृतज्ञ राहूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. प्रत्येक उपायात हलवलं जातं ते बाईलाच: वेगळ्या डब्यात, वेगळ्या रांगेत, लवकर घरी. ज्याच्यामुळे हे करावं लागतं, तो होता त्याच जागी, त्याच कट्ट्यावर.

कायद्याचंही पाहा. दिल्लीच्या डिसेंबर 2012च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर वर्मा समिती बसली आणि 2013मध्ये कायदा बदलला. पाठलाग करणं, अश्लील शेरे मारणं हे स्वतंत्र गुन्हे झाले. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या 75, 78 आणि 79 या कलमांत हे सगळं आहे. नुसत्या शब्दानं किंवा हावभावानं बाईची अप्रतिष्ठा केली, तर 79व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कागदावर भक्कम आहे. पण रूपन देओल बजाज या आयएएस अधिकारी होत्या आणि ज्यांच्याविरुद्ध त्यांनी विनयभंगाची तक्रार केली ते के. पी. एस. गिल पंजाबचे पोलीस महासंचालक. प्रसंग 1988चा, एका मेजवानीतला, भरल्या लोकांतला. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षेवर अखेरचं शिक्कामोर्तब केलं 2005मध्ये. सतरा वर्षं. त्रास टाळायला क्लासची बॅच बदलणाऱ्या मुलीला "तक्रार का नाही केलीस?" असं विचारण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

आणि मधे पडणाऱ्यांचं काय? 2011च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या जेमतेम आठवडाभर आधी, अंधेरीच्या अंबोलीत दोन तरुणांनी आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला हटकलं. तो माणूस साथीदार घेऊन परत आला. एक तरुण त्याच रात्री गेला, दुसरा दिवाळी उलटल्यावर, इस्पितळात. आजूबाजूला माणसं होती. 2016मध्ये चौघांना जन्मठेप झाली. तेव्हापासून मुंबईतल्या कित्येक घरांत मुलींबरोबर मुलग्यांनाही सांगितलं जातं, "मधे पडू नकोस." त्या आईवडिलांना भेकड म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आपल्याकडे अशा वेळी बाईच्या तोंडून हमखास निघणारा एक प्रश्न आहे: "तुझ्या घरात आया-बहिणी नाहीत का रे?" असतात की. भाऊबीजेला तो पाटावर बसतो, टोपी घालतो, ओवाळून घेतो, ताटात यथाशक्ती पाकीट टाकतो. बहिणीला कुणी काही बोललं तर चार मित्र घेऊन धावून जातो. अडचण त्याची बहीण नसलेल्या बायकांची आहे. आपल्या समाजात बाईचा मान नात्यावाटे पोचतो. म्हणून तर रस्त्यावर ताई, मावशी, वहिनी होऊन चालावं लागतं. कुणाचीच कुणी नसलेली, नुसतीच रस्त्यानं चाललेली एक बाई, तिच्या वाट्याला काय? छेड काढणाऱ्याला राखी बांधायला लावण्याची जी शिक्षा आपल्याला मोठी कल्पक वाटते, तिनं हा प्रश्न सुटत नाही. एक बहीण वाढते फक्त. बाकीच्या अजून परक्याच.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईवरच्या त्यांच्या 2011च्या पुस्तकात नेमकं या परकेपणाकडे बोट दाखवलं होतं. बाईला रस्त्यावर असण्यासाठी कारण दाखवावं लागतं. ऑफिस, शाळा, भाजी, देऊळ. विनाकारण रेंगाळण्याची मुभा पुरुषाला. खरंच, पारावर, कट्ट्यावर, टपरीशी उभा असलेला पुरुष तिथं काय करतोय, असं कुणी कधी विचारतं? फक्त दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर वेगळं दृश्य दिसतं. अंधार असतानाच नटूनथटून पोरी बाहेर पडतात, गणपतीला जातात आणि मग तासन् तास नुसत्या उभ्या राहतात, काही काम नसताना. त्या दिवशी एकही आजी हटकत नाही. वर्षातून एक पहाट.

आता अंकाविषयी. या विभागात लिहिणाऱ्या बहुतेकींनी नाव छापू नका, असं कळवलं. त्याप्रमाणे नावं गाळली आहेत. थांब्यांची, चौकांची, पुलांची नावं मात्र जशीच्या तशी ठेवली आहेत. ज्यांना आपापल्या नगरसेवकाकडे जायचंय, त्यांना उपयोग होईल. दिवा कुठला बंद आहे, हेही दोघीतिघींनी लिहिलंय.

पुरुषांनाही आम्ही आवर्जून लिहायला सांगितलं होतं. लेखन भरपूर आलं. बहुतेकांनी कधीतरी कुणाला तरी वाचवलेलं आहे. काहींनी बघ्याची भूमिका घेतल्याची खंत व्यक्त केली आहे. शीळ घातली, मागे मागे गेलो, गर्दीचा फायदा घेतला, असं मात्र कुणीच लिहिलेलं नाही. इतक्या बायकांना इतकी वर्षं छळणारे पुरुष मराठी वाचत नाहीत, असा निष्कर्ष काढावा लागेल.

त्यांतल्या त्यात एका निवृत्त एसटी कंडक्टरांचं टिपण आम्हाला आवडलं. संध्याकाळची गाडी, खच्चून भरलेली. खिडकीपाशी एक मुलगी आणि शेजारी एक गृहस्थ, पेपर उघडून बसलेले. पेपराखाली काय चाललंय, ते तिकीट फाडताना यांच्या लक्षात आलं. यांनी मुलीला "तू इकडं ये" असं म्हटलं नाही. गृहस्थांना उठवलं आणि ड्रायव्हरच्या मागे दांडीला धरून उभं केलं, तिकीट शेवटच्या स्टॉपचं असूनही. ते तणतणले तेव्हा एवढंच म्हणाले, "गाडी पोलीस ठाण्याकडं घेऊ का?" सर्वोच्च न्यायालयानं 2012च्या नोव्हेंबरात बसचालक-वाहकांना हेच करायला सांगितलंय: तक्रार आली तर गाडी जवळच्या ठाण्यात न्या. यांचा प्रसंग त्याच्या पुष्कळ आधीचा. मुलगी आपल्या जागेवर बसून राहिली आणि तिच्या स्टॉपला उतरली.

पुढच्या वर्षीच्या अंकासाठी शीळ घालणाऱ्यांकडून लेखन मागवत आहोत. शब्दमर्यादा नाही. नाव गुप्त ठेवू. मानधन नेहमीप्रमाणे देऊ, म्हणजे फारसं नाही.