आटते ते पाणी, मीठ नव्हे

बीड जिल्ह्यात सागरी टाकी लावू पाहणाऱ्याला आपण विक्रेते आणि जुने हौशी एकच सल्ला देतो : मशरूम, लेदर, झोअँथस यांपासून सुरुवात करा, ही मऊ प्रवाळे काटक असतात. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे.

मऊ प्रवाळांना कठीण सांगाडा बांधायचा नसतो. त्यामुळे कॅल्शियमची रोजची काळजी नको; शिवाय मध्यम प्रकाश पुरतो, थोडे नायट्रेटही खपते. त्यांना सोसत नाहीत ते खारेपणाचे हेलकावे. इथल्या उन्हाळ्यात नेमके तेच घडते. १०० लिटरच्या टाकीत खारेपणा हजारी ३५ आहे आणि चार दिवसांत १२ लिटर पाणी उडाले, तर तो जवळजवळ ४० वर जातो. म्हणून काचेवर पातळीची खूण करा आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिथपर्यंत गोडे पाणी भरा.

हे पाणी बोअरचे नको, आरओचे हवे. घरगुती आरओत पुष्कळदा चवीसाठी कच्चे पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह असतो; तेव्हा टीडीएस शून्याच्या आसपास आहे ना, हे मोजूनच वापरा. आरओतून वाया जाणारे पाणी फरशीला, संडासाला वापरा. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात ते गटारात सोडणे आपल्या छंदाला शोभणारे नाही.

कोरड्या हवेचा एक फायदाही आहे. मुंबईच्या दमट हवेत निकामी ठरणारा कुलर बीडमध्ये खोली गार करतो. तसाच पाण्यावर सोडलेला साधा पंखा टाकीचे तापमान काही अंशांनी उतरवतो. मात्र पंखा लावला की पाणी अधिक आटते, हे विसरू नका. वीज गेल्यावर प्राणवायू टिकावा म्हणून बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा.

झोअँथसमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकते. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. ते चिकटलेला खडक कधीही उकळू नका. खडक उभारणारी प्रवाळे आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून तोडून आणलेला माल, ‘जिवंत खडक’सुद्धा, दुकानात घेऊच नका. टाकीत वाढवलेल्या प्रवाळाच्या फुटव्यांवरच हा छंद उभा राहिला पाहिजे.

विक्रेत्यांना आमची विनंती आहे : नव्या ग्राहकाला आधी रिफ्रॅक्टोमीटर आणि टीडीएस मीटर द्या. त्याने महिना-दीड महिना पाणी स्थिर ठेवून दाखवले, की मगच पहिले मशरूम त्याच्या हाती द्या.