डिपॉझिट देण्याआधी कागद दिसू द्या : बोईसर-तारापूर व पालघर परिसरातील भाडेकरूंचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर जिल्हा,
जिल्हाधिकारी कार्यालय, कोळगाव, पालघर.

विषय : खासगी मालकाची खोली भाड्याने घेताना होणारी फसवणूक थांबविण्यासाठी मालकी, बांधकाम परवानगी व नोंदणीची माहिती व्यवहाराआधीच खुली करणेबाबत.

महोदय,

आम्ही बोईसर, सरावली, सालवड, पास्थळ, कोळवडे, कुंभवली, खैरापाडा, बेटेगाव आणि पालघर शहरात भाड्याच्या खोल्यांमध्ये राहतो. आमच्यात तारापूर औद्योगिक वसाहतीतले कायम व ठेकेदारी कामगार आहेत, शाळा-दवाखान्यांत नोकरी करणारे आहेत, जव्हार-मोखाड्याहून कामासाठी उतरलेली आदिवासी कुटुंबे आहेत आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेलेही आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी, २०१३ मध्ये, डहाणूपर्यंत लोकल धावू लागली होती. या दोन्हींमुळे येथे राहायला येणाऱ्यांची संख्या वाढली आणि खोल्याही वाढल्या. त्या खोल्यांच्या व्यवहारावर लक्ष ठेवणारी व्यवस्था मात्र त्या वेगाने उभी राहिली नाही. बोईसर व आसपासची वस्ती आजही ग्रामपंचायतींच्या हद्दीत विखुरलेली आहे. रस्त्याच्या अलीकडे एक पंचायत, पलीकडे दुसरी. नवीन माणसाने चौकशी नेमकी कुठे करायची, हेच त्याला ठाऊक नसते.

फसवणुकीच्या खुणा आम्हाला आता चांगल्या ओळखता येतात. खोली दाखवणारा माणूस मालक नसतो, आणि मालक "गावी गेलाय" असे सांगितले जाते. भाडे आजूबाजूच्या दरापेक्षा बरेच कमी असते आणि "संध्याकाळपर्यंत टोकन दिले नाही तर दुसरी पार्टी तयार आहे" अशी घाई केली जाते. लाइट बिल मागितले की विषय बदलतो. करारावर मालकाचा पत्ता अर्धवट असतो, किंवा कोऱ्या पानावर आधी सही घेतली जाते. मूळ आधार कार्ड ठेवून घेतले जाते. पैसे रोख मागतात आणि पावतीचे नाव काढले की "इथे कुणी पावती देत नाही" असे उत्तर मिळते. एकाच खोलीचे डिपॉझिट दोघा-तिघांकडून घेतले जाते आणि सामान घेऊन दारात आल्यावर ते एकमेकांना भेटतात. भाडे नको, एकरकमी मोठी रक्कम द्या आणि फुकट राहा, या "हेवी डिपॉझिट"च्या व्यवहारात तर कुटुंबाची आयुष्यभराची बचत अडकते.

या खुणा ओळखायला शिकवणे आवश्यक आहे आणि ते काम आम्ही आपापसात करतो. पण रात्रपाळी करून आलेला, दोन दिवसांत खोली सोडायला सांगितलेला, कडेवर मूल असलेला माणूस प्रत्येक खूण तपासू शकत नाही. जी खूण तपासायला सरकारी कागद लागतो, ती तर त्याला दिसूच शकत नाही. तो कागद शासनाकडे आहे. आमच्या निवेदनाचे मूळ एवढेच आहे : तो कागद डिपॉझिट देण्याआधी आम्हाला दिसला पाहिजे.

सर्वांत आधी इमारतीविषयी, कारण येथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये, रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग मध्यरात्री कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीतील ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. ती जमीन कचराभूमी व सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षित होती आणि इमारती बनावट कागदपत्रांवर उभ्या होत्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. अशा वेळी मालकाकडे निदान खरेदीचा कागद तरी असतो. ज्याचा करार नोंदवलेला नाही अशा भाडेकरूचे नाव कोणत्याच कागदावर नसते, त्यामुळे त्याचे डिपॉझिट कुणाकडे मागायचे हाही प्रश्न उरतो.

बोईसर परिसरात एक गैरसमज पक्का रुजला आहे, की घरपट्टी भरलेली दाखवली म्हणजे बांधकाम अधिकृत. ग्रामपंचायत अनधिकृत बांधकामावरही कर आकारते. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, नाव असणे म्हणजे बांधकाम परवानगी असणे नव्हे. चाळीखालची जमीन गुरचरण आहे, वनखात्याची आहे की आदिवासी खातेदाराची, हे सातबाऱ्यावरूनच कळते. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६ अ चे निर्बंध आहेत आणि त्यातील परवानगीचा अधिकार आपल्याच कार्यालयाशी जोडलेला आहे. तेव्हा अशा जमिनीवरच्या चाळी कुठे आहेत, ही माहिती आम्हा भाडेकरूंपेक्षा प्रशासनाला आधी असते.

म्हणून आमची पहिली मागणी : ग्रामपंचायत व नगरपरिषद क्षेत्रातील परवानगी नसलेल्या आणि धोकादायक ठरवलेल्या निवासी इमारती व चाळींची यादी पंचायतीच्या व नगरपरिषदेच्या फलकावर, मराठी व हिंदीत, कायम लावावी आणि त्या प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वारावर ठळक फलक असावा. यादी संकेतस्थळावर टाकून काम झाले असे मानू नये, खोली शोधणारा माणूस तिथे जात नाही. अशा इमारतीतून लोकांना हलवावे लागले तर भाडेकरूंची स्वतंत्र नोंद घ्यावी आणि डिपॉझिट परत करण्याची मालकाची जबाबदारी पंचनाम्यातच लिहून घ्यावी.

इमारतींच्याच संदर्भात आणखी एक गोष्ट : नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसत आले आहेत. भिंतींना गेलेल्या भेगा नव्या रंगाखाली झाकून खोली भाड्याने देणे या जिल्ह्यात तरी साधी गोष्ट समजू नये. पाण्याचेही तसेच आहे. तारापूरच्या औद्योगिक प्रदूषणाचा प्रश्न अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. तरीही कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या चाळीत बोअरचे पाणी पिण्यालायक आहे का, हे भाडेकरूला कुणीही सांगत नाही. भाड्याच्या वस्त्यांमधील बोअरच्या पाण्याची तपासणी आरोग्य विभागाने करावी आणि निकाल नळाजवळ लावावा.

आता कराराविषयी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार वा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे व नोंदवणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या भागात मात्र अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर टंकून, नोटरीचा शिक्का मारून दिला जातो आणि "अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही" असे छातीठोकपणे सांगितले जाते. या समजुतीचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यातील एक वर्षाच्या मर्यादेत आहे. १९९९ च्या कायद्याने ती पळवाट ठेवलेली नाही. हा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो. त्यामुळे पालघर तालुक्यातील कोणत्या गावांत तो लागू आहे याची गावनिहाय यादी आपल्या सहीने जाहीर व्हावी. एजंटांचा सगळा धंदा या संभ्रमावर चालतो.

नोंदणी महाग आहे, हे दुसरे कारण सांगितले जाते. हिशोब पाहावा. महिना ६,००० रुपये भाडे, २०,००० रुपये डिपॉझिट, मुदत ११ महिने. एकूण भाडे ६६,००० रुपये, त्यात डिपॉझिटवरचे वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज मिळवले तर रक्कम ६८,००० च्या आत राहते. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे १७० रुपये. ग्रामीण क्षेत्रात नोंदणी शुल्क ५०० रुपये. दस्त हाताळणीचे पैसे वेगळे. एवढ्या रकमेत भाडेकरूच्या हाती असा कागद येतो, जो शाळेत, बँकेत, रेशन कार्डासाठी, पोलिसांत, सगळीकडे चालतो. नोटरी करारासाठी एजंट अनेकदा याहून जास्त घेतात.

त्यामुळे औद्योगिक वसाहतीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोईसर येथे दुय्यम निबंधक कार्यालयामार्फत नोंदणी शिबिर नियमित भरवावे, शुल्काचा तक्ता तिथे लावावा आणि ई-रजिस्ट्रेशन करून देणाऱ्यांनी किती सेवाशुल्क घ्यायचे त्याची मर्यादा जाहीर करावी. येथे मालकांची बाजूही मांडणे आम्हाला गरजेचे वाटते. या पट्ट्यात निवृत्तीच्या पैशांतून चार खोल्या बांधणारे, त्याच उत्पन्नावर घर चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांनाही भाडे थकवून रातोरात निघून जाणारे भाडेकरू भेटतात. नोंदवलेला करार त्यांचेही संरक्षण करतो, कारण मुदत संपल्यावर ताबा मिळवण्यासाठी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. तो मार्ग असताना भाडेकरूच्या दाराला दुसरे कुलूप ठोकणे, पाणी किंवा वीज तोडणे हे प्रकार चालू राहता कामा नयेत. अत्यावश्यक सेवा तोडण्यास कलम २९ ने मनाई केलेली आहे. सब-मीटर लावून महावितरणच्या बिलापेक्षा चढ्या दराने युनिट आकारण्याबाबतही महावितरणने तपासणी मोहीम घ्यावी आणि मूळ बिल भाडेकरूला दाखवणे सक्तीचे करावे.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते आणि ती आम्ही देतो. या पडताळणीत आमचा फोटो, आधार, मूळ गाव, ओळखीची माणसे, सर्व तपासले जाते. समोरचा माणूस खरोखर त्या खोलीचा मालक आहे का, हे मात्र त्या अर्जात कुणी तपासत नाही. अर्जासोबत मालकाच्या नावाचा नमुना ८ किंवा लाइट बिल आणि नोंदणीकृत कराराचा दस्त क्रमांक घ्यावा आणि पोच भाडेकरूच्या हाती द्यावी. एवढ्या एका बदलाने खोटे मालक पुष्कळ अंशी बाजूला होतील, अशी आमची खात्री आहे.

फसवणूक झाल्यावर पोलीस ठाण्यात गेले की "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" असे ऐकावे लागते. वीस हजारांसाठी वकील करणारा कामगार आम्ही पाहिलेला नाही. मालक नसताना मालक असल्याचे भासवून पैसे घेणे, एकच खोली अनेकांना देणे, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधील फसवणुकीत मोडते. अशा तक्रारींत गुन्हा नोंदवण्याच्या लेखी सूचना पोलीस अधीक्षकांनी सर्व ठाण्यांना द्याव्यात.

एक मागणी थेट आपल्या अधिकारातील आहे. घरमालकाने फ्लॅट गहाण ठेवून कर्ज घेतलेले असते, हप्ते थकतात आणि एक दिवस बँकेची नोटीस दारावर चिकटते. तोवर आत राहणाऱ्याला काहीच माहीत नसते. सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १४ खाली ताबा घेण्यास साहाय्य करण्याचे आदेश जिल्हा दंडाधिकारी म्हणून आपण देता. कर्जापूर्वीच्या कायदेशीर भाडेकरूचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हर्षद गोवर्धन सोंडागर प्रकरणात मान्य केला आहे. आपल्या आदेशांपूर्वी प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाची चौकशी व्हावी, त्यांना आगाऊ सूचना व सामान हलवायला पुरेसा वेळ मिळावा, आणि ज्यांवर अर्ज आले आहेत अशा मिळकतींची यादी तहसील कार्यालयात पाहता यावी.

ठेकेदाराने घेतलेल्या खोल्यांचा विषय वेगळा आहे आणि अधिक गंभीर आहे. एका खोलीत आठ-दहा जण, भाडे पगारातून कापलेले, करार ठेकेदाराच्या नावावर किंवा कुणाच्याच नावावर नाही. काम सुटले की खोलीही त्याच रात्री सुटते. जानेवारी २०२० मध्ये कोळवडे येथील कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा जीव गेला. अशा दुर्घटनेच्या वेळी कुठला माणूस कुठे राहतो, त्याच्या घरी कुणी कळवायचे, हे शोधण्यात तास जाऊ नयेत. कामगार आयुक्तालयाने ठेकेदारांकडून राहण्याच्या पत्त्यांची नोंद घ्यावी. मराठी, हिंदी, ओडिया व बंगालीत छापलेले, वरील सर्व खुणा सांगणारे एक पानाचे पत्रक कारखान्यांनी गेट पाससोबत द्यावे. तेच पत्रक बोईसर व पालघर स्थानकांबाहेर लावावे.

डिपॉझिटच्या मर्यादेबद्दल आपण शासनाकडे शिफारस करावी, अशी विनंती आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याएवढीच अनामत सुचवली आहे आणि निर्णय राज्यांवर सोपवला आहे. कामगार वस्त्यांत ही मर्यादा फार मोठा दिलासा ठरेल. तसेच दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळणे हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ खालचा हक्क आहे. पावती न मिळाल्याची तक्रार ऐकण्यासाठी तहसील कार्यालयात एक अधिकारी नेमून त्यांचे नाव व बसण्याची वेळ जाहीर करावी.

या मागण्यांवर महसूल, पोलीस, नोंदणी व मुद्रांक, महावितरण, कामगार विभाग आणि संबंधित ग्रामपंचायतींची संयुक्त बैठक आपण बोईसर येथे, संध्याकाळी सहानंतर घ्यावी, म्हणजे दिवसपाळीच्या कामगारांनाही येता येईल. बैठकीस भाडेकरू व घरमालक दोघांचेही प्रतिनिधी बोलवावेत. इमारतींची यादी व कायदा लागू असलेल्या गावांची यादी या दोन गोष्टींना नवा कायदा वा निधी लागत नाही. त्या ३० दिवसांत जाहीर व्हाव्यात आणि उरलेल्या मागण्यांवर काय कार्यवाही झाली ते आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
बोईसर-तारापूर व पालघर परिसरातील भाडेकरू नागरिक
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. पोलीस अधीक्षक, पालघर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, पालघर
मा. मुख्याधिकारी, पालघर नगरपरिषद
मा. तहसीलदार, पालघर
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, पालघर
मा. दुय्यम निबंधक, पालघर
मा. कार्यकारी अभियंता, महावितरण, पालघर