सहावा कप

मैत्रिणींनो, दिवसाकाठी तुम्ही किती कप चहा घेता असं कुणी विचारलं, तर काय सांगाल? "दोन. सकाळी एक नि दुपारी एक." होय ना? मीही कालपरवापर्यंत हेच सांगत होते. आणि खोटं बोलत नव्हते बरं का! बाकीचे कप मी हिशेबातच धरत नव्हते, इतकंच.

झालं असं, की गेल्या वैशाखात माझी झोप उडाली. आमच्या परभणीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. पारा चव्वेचाळीसच्या आसपास, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. मी सगळा दोष उन्हाला दिला. पण छातीत धडधडायचं, हाताला बारीकसा कंप यायचा, आणि रागाचं तर काही विचारू नका. एके दिवशी दूध उतू गेलं म्हणून सुनेला असं काही बोलले, की ती रडली नाही, उलट बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटत नाही का?" तो प्रश्न मला फार लागला. दूध काय, पुन्हा घेता येतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं, ब्लडप्रेशर पाहिलं आणि विचारलं, चहा किती? मी म्हटलं, दोन. त्या हसल्या. म्हणाल्या, "आठवडाभर कॅलेंडरवर रेघा मारा. घोटभर घेतला तरी रेघ." मारल्या. पहाटेचा पहिला, मग 'यांच्या'सोबतचा, मग कामाच्या मावशींसाठी ठेवला त्यातला, अकराला भूक लागते पण स्वयंपाक व्हायचा असतो म्हणून एक, चारचा एक, आणि दिवेलागणीनंतर, सातच्या सुमाराला, सहावा. रोज सहा! पाहुणे आले की सात.

आता हा चहा आत जाऊन करतो काय, ते थोडं समजून घेऊ. दिवसभर आपण जागे असतो, काम करतो, तसतसा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. "बाई, आता दमलीस, टेक जरा," असं मेंदूला सांगणं हे त्याचं काम. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याच्या जागेवर जाऊन बसतं आणि निरोप पोचू देत नाही. म्हणजे शीण जात नाही हो, शिणाची चिठ्ठी दारात अडवली जाते. शिवाय कॅफिन रेंगाळतंही बराच वेळ. साधारण पाच तासांनी निम्मं उतरतं. सातच्या कपातलं निम्मं बाराच्या ठोक्याला अजून अंगात! तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा वेळ जवळजवळ दुप्पट होतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही वाढतो. हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कॅफिनचा मनावर काय परिणाम होतो, हे पहिल्यांदा नीट मोजून पाहणाऱ्यांत एक गृहिणी होती. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लेटा हॉलिंगवर्थ तिचं नाव. अमेरिकेतल्या नेब्रास्कात शिक्षिका होती. १९०८ साली न्यूयॉर्कला येऊन तिनं लग्न केलं, तर तिथल्या शाळा लग्न झालेल्या बायकांना नोकरीच देत नव्हत्या. झालं, बसली घरी रांधत नि शिवत! पुढे कोकाकोलातल्या कॅफिनवरून तिथल्या सरकारनं कंपनीवर खटला भरला, आणि १९११ साली कंपनीनं लेटाच्या नवऱ्याला, म्हणजे मानसशास्त्रज्ञ हॅरी हॉलिंगवर्थ यांना, संशोधन करायला सांगितलं. निकाल कसाही लागो, तो आपण छापणार, अशी अट घालून त्यांनी काम घेतलं. प्रयोगांवर देखरेख मात्र लेटाची. सोळाजणांना रोज गोळ्या द्यायच्या, काहींत कॅफिन, काहींत नुसती साखर, आणि कुणाला काय दिलंय हे घेणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. मग हाताची चपळाई, हाताची थरथर, हिशेब, झोप, सगळं मोजायचं. थोड्या कॅफिननं हात चपळ चालतो, जास्त झालं की थरथरतो नि झोप बिघडते, असं निघालं. म्हणजे माझ्या हाताच्या कंपाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं! आणि त्या कामाच्या पैशांतून लेटा काय शिकली माहीत आहे? स्वतः मानसशास्त्र. १९१६ साली डॉक्टरेट मिळवली. पाळीच्या दिवसांत बाईचं डोकं चालत नाही, हा त्या काळचा समज तिनं प्रयोगांनी खोडून काढला.

अलीकडच्या काळात ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू स्मिथ यांनी कॅफिन, मूड आणि कामाचा ताण यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं सांगणं असं, की रोजच्या बेताच्या प्रमाणात कॅफिननं बहुतेकांचं भलंच होतं. तरतरी येते, लक्ष लागतं, विशेषतः माणूस पेंगुळलेला असतो तेव्हा. प्रमाण फार झालं किंवा एखादीची प्रकृतीच नाजूक असली, तर जीव घाबरतो नि झोप जाते. दुसरे काही शास्त्रज्ञ म्हणतात, तरतरी कसली, आदल्या कपाची तलफ भागली एवढंच! मला विचाराल तर पहिला कप स्मिथसाहेबांचा आणि चौथ्यापासून पुढचे या दुसऱ्या मंडळींचे.

तलफेचं म्हणाल, तर हरितालिका आठवा. पाण्याचा थेंब न घेता उपास करणाऱ्या कितीतरी जणींचं डोकं दुपारनंतर ठणकायला लागतं. "उपास बाधला" म्हणतो आपण. उपाशीपण असतंच, पण चहा सुटल्यानंतर बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होते, हेही त्यातलं एक कारण. आमच्या शेजारच्या भाभींचं रमजानच्या पहिल्या रोज्याला अगदी हेच होतं. उपाय सोपा आहे: आठवडाभर आधीपासून दर दोन दिवसांनी अर्धा-अर्धा कप कमी करत जायचं. एकदम सोडायचा नाही.

आता प्रमाण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली सांगितलं, की दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफिन नको. दीडशे मिलिलिटरच्या एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. आपल्या उकळून काळ्याभोर केलेल्या चहाचा हिशेब वरच्या आकड्यानं केलेला बरा. गरोदर बाईनं २०० च्या आत राहावं. आणि जेवणाआधी तासभर, जेवणानंतर तासभर चहा नको, कारण तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. इथे मला आपल्याच गावाची गंमत वाटते. आपल्या कृषी विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी काढली, २०१८ साली. मुद्दाम जास्त लोह नि जस्त असलेली! आणि आपण भाकरी खाऊन उठलो रे उठलो की वर चहा ओततो. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. माझंही कमीच निघालं.

तर मी कप कमी करायला घेतले. अकराचा सुटला, कारण तो चहा नव्हताच, ती भूक होती. आता मूठभर फुटाणे नि गूळ खाते. मावशींबरोबरचा अर्धा केला. जेवणानंतरच्या वेळा बदलल्या. अडला तो सहावा. त्याची तलफ नव्हती मला, खरंच नव्हती. पण तो कप हातात असला की मी ओसरीवर दहा मिनिटं बसत असे नि कुणी हाक मारत नसे. "आई चहा घेतायत," एवढं पुरायचं. कप सोडायचा तर ते बसणंही सोडायचं की काय?

मी बसणं ठेवलं. पहिल्या दिवशी सातला ओसरीवर तशीच जाऊन टेकले, हात मोकळे, मांडीवर. पाच मिनिटं झाली नसतील, तोच 'हे' बाहेर आले. मागून सून आली. समोरच्या काकू फाटकातून वाकून विचारत्या झाल्या, "काय हो, बरं नाही का? अशा नुसत्याच बसलात!"