चावडीला चूल हवी

आर्णी हे अरुणावतीच्या काठचे, बाबा कंबलपोषांच्या उरुसाने ओळखले जाणारे तालुक्याचे गाव. याच तालुक्यातील दाभडीस 20 मार्च 2014 रोजी नरेंद्र मोदी यांनी चहा घेत शेतकऱ्यांशी चर्चा केली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष या मुलखाकडे वळले होते. कापसाने हाती रोकड येते, ताटात काही पडत नाही. घरात कापसाच्या गंजी आणि भाजी मात्र बाजारातून, ही विसंगती भाषणांत क्वचितच येते.

अशा गावी समाजमंदिर बांधावयाचे तर कसे बांधावे? चार भिंती, वर स्लॅब, दारी नामफलक आणि कडीला कुलूप, हा आपला शिरस्ता. लग्नसराई सरली की आत पाली नांदतात. आमच्या मते आधी स्वयंपाकघर, धान्याची कोठी व परसबाग आखावी आणि सभागृह त्यांच्याभोवती उभारावे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झालेल्या खेड्यात, 1936 साली माती, लाकूड व बांबूतून आदिनिवास उभा राहिला. गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे तेथे एकाच छपराखाली राहत.

पाण्याचा हिशेबही अवघड नाही. 300 चौरस मीटर छपरावर 900 मिलिमीटर पाऊस पडला तर 2 लाख 70 हजार लिटर पाणी होते. त्यातले निम्मे जरी टाक्यात साठले, तरी बागेस रोज 1,000 लिटर याप्रमाणे साडेचार महिने पुरेल. भांडी धुतलेले पाणी केळी व अळूस जावे. पश्चिमेच्या भिंतीवर दोडक्याचा वेल चढवला, तर उन्हाची तिरीपही अडेल. मात्र येथील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. टाक्याचा व भिंतींचा पाया मुरमापर्यंत गेलाच पाहिजे. यात काटकसर करणारा कंत्राटदार गावास दुप्पट खर्चात पाडतो.

खरा प्रश्न किल्लीचा आहे. बांधकामास निधी मिळतो. रोज पाणी कोण घालणार, हे अंदाजपत्रकात बसत नाही. स्वयंपाकघर व बाग महिला बचत गटाकडे आधीच लेखी करार करून सोपवावी, आणि सभागृह भाड्याने घेणाऱ्याने जेवण तेथूनच घ्यावे. एका चुलीवरचे सर्वांना चालेल काय, ही कुजबुज होईलच. उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही जमणाऱ्या गावाने तिला भीक घालू नये.

निविदा काढण्यापूर्वी नकाशा त्या स्त्रियांपुढे ठेवावा. चूल कोणत्या भिंतीशी, ओटा किती उंच आणि धान्याची गाडी कोठवर यावी, हे त्या वास्तुविशारदास नेमके सांगतील.