ओढ्याच्या टोकाला समुद्र



बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर पावसाळ्यात गेलात, तर एक गंमत करा. उतारावरून धावणाऱ्या ओहोळाकडे बोट दाखवून सोबत्याला विचारा, "हे पाणी कुठं चाललंय रे?" तो म्हणेल, "ओढ्याला!" आणि ओढा? तो सिंदफणेकडे. सिंदफणा गोदावरीला मिळते आणि गोदावरी पार आंध्र प्रदेशात जाऊन बंगालच्या उपसागराला. म्हणजे जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावांचंही समुद्राशी नातं आहे, बरं का!

आता त्या उपसागरातून आलेल्या एका पाहुणीची गोष्ट ऐका. २०२१ साली ओडिशातल्या गहिरमाथा किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी ऑलिव्ह रिडले कासवाच्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची छोटी पट्टी लावली. नंबर ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये ही मादी कुठं दिसली असेल? थेट आपल्या कोकणात, गुहागरच्या वाळूत अंडी घालताना! सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास! आणि हे कळलं कशामुळं? किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्यांनी तो नंबर नीट वाचला आणि कळवला म्हणून.

कोकणातलं हे काम सुरू झालं रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी. तिथं कासवांची अंडी चोरीला जात. कोल्हे-कुत्रीही घरटी उकरत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं गावातल्या तरुणांना हाताशी धरलं. पहाटे उठायचं, वाळूवरच्या खुणांवरून घरटं शोधायचं, अंडी हलक्या हातानं काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात आणि तुरुतुरु समुद्राकडे निघतात. (हे काम वनखात्याच्या परवानगीनंच करायचं असतं हं! आपण होऊन अंड्यांना हात लावायचा नाही.)

पण अंडी राखली की काम संपलं, असं नाही. घरटं कधी सापडलं, अंडी किती, पिल्लं किती, सगळं वहीत लिहायचं. कशासाठी? कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. हवा वर्षागणिक तापत चालली आहे. अशा वेळी साध्या वहीतल्या नोंदीसुद्धा शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतात.

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडं कुठाय समुद्र?" अहो, पण ओढा आहे ना! त्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी पुराबरोबर निघते. काही पिशव्या धरणात अडकतात, काही पुढं जातात. समुद्रात पोचलेलं प्लॅस्टिक कासवं खाणं समजून गिळतात आणि मरतात. आधीच हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं, असा अंदाज आहे.

तेव्हा या आठवड्याचा उपक्रम: ओढ्याची वही. दोघं-तिघं मिळून ओढ्याकाठची एक जागा ठरवा. दर रविवारी तिथं अर्धा तास बसा. मासे, बेडूक, चतुर, पक्षी, जे दिसेल ते तारीख-वेळेसह लिहा. नाव माहीत नसेल तर चित्र काढा. पिशव्या आणि बाटल्याही मोजा. काही पकडू नका आणि पुराच्या पाण्याजवळ अजिबात जाऊ नका.

वर्ष संपलं की वही घेऊन ग्रामपंचायतीत जा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगाव 'लोक जैवविविधता नोंदवही' करायची असते. तुमच्या गावची आहे का, विचारा. असेल तर वाचायला मागा, आणि तिच्यात नसलेलं एखादं नाव तुमच्या वहीत सापडलं, तर ते दाखवायला लाजू नका!