पत्त्यांचा डाव रंगतो, पण भजी तळणारी कुठे बसते?

कोजागरी असो, दिवाळीची सुट्टी असो की मे महिन्यात गावच्या घरी जमलेली भावंडं. पाच-सहा डोकी एकत्र आली की कुणीतरी म्हणतंच, ‘काढा पत्ते!’ मोबाइल बाजूला राहावेत, म्हणून काही घरांत आता महिन्यातली एखादी शनिवारची रात्र ठरवून पत्त्यांसाठी राखली जाते. चांगलीच गोष्ट आहे. नातू आणि आजोबा बरोबरीने भांडू शकतात, असे खेळ घरात फार उरलेले नाहीत.

पण या रात्रीचं एक चित्र जवळपास सगळीकडे सारखं असतं. सतरंजीवर डाव रंगलेला असतो आणि आई, काकू किंवा वहिनी कढईपाशी उभी असते. ‘तुम्ही खेळा, मी आहे इथेच,’ असं ती म्हणते आणि सगळे ते लगेच मान्य करतात. माझं म्हणणं एवढंच, की खायला काय करायचं हे ठरतं, तिथेच कोण खेळणार आणि कोण नाही हेही ठरून जातं.

उठून-बसून का खेळता येत नाही?

मेंढीकोटच घ्या. चार गडी, समोरासमोर बसलेले जोडीदार, प्रत्येकाला 13 पानं. चार दहल्यांपैकी तीन ज्या जोडीकडे गेल्या, तिचा डाव. चारही गेल्या की कोट. दोन-दोन झाल्या, तर हात मोजायचे आणि सात हात करणारी जोडी जिंकणार. आता कोणत्या रंगाची किती पानं पडली, जोडीदाराने हुकूम कधी मारला, किलवरचा एक्का अजून कुणाकडे दडलाय, हे लक्षात ठेवण्यातच खरा खेळ आहे. दर पाच मिनिटांनी घाणा काढायला उठणारी व्यक्ती हे लक्षात ठेवूच शकत नाही. मग ती चुकते, जोडीदार वैतागतो आणि पुढच्या डावाला ती आपणहून बाजूला होते. नंतर घरात म्हटलं जातं, ‘तिला पत्त्यांची आवडच नाही.’

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, तर घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. म्हणजे जवळपास पावणेपाच तास विरुद्ध दीड तास. पत्त्यांची रात्र ही सुट्टीची रात्र असते. त्या रात्रीही हाच हिशेब चालू राहणार असेल, तर ती सुट्टी नेमकी कुणाची?

यावर एक उत्तर हमखास येतं : ‘तिला खायला घालायला आवडतं.’ आवडत असेलही. गरम भजी बघून पोरं तुटून पडतात, तेव्हा करणारीला समाधान वाटतंच. पण आवड आणि सक्ती यांतला फरक कळायचा असेल, तर तिला दोन्हीतलं निवडता आलं पाहिजे. बऱ्याच जणी माहेरी सुट्टीत बदाम सात आणि झब्बू खेळतच मोठ्या झाल्या. हात विसरला असेल, तर दोन डावांत परत येतो.

मग खायला काय करायचं?

विकतचं फरसाण आणून मोकळं व्हा, असं मी म्हणणार नाही. घरच्या खाण्याची मजा त्यात नाही. फक्त पदार्थ निवडताना तीन प्रश्न विचारा. आदल्या दिवशी करून ठेवता येतो का? एका हाताने खाता येतो का? बोटं तेलकट होतात का?

तिसरा प्रश्न गमतीचा नाही. एक्क्याच्या पाठीवर तेलाचा डाग पडला, की तो एक्का पुढे सगळ्यांना ओळखू येतो. तो कॅट मग खेळण्याच्या कामाचा राहत नाही.

या परीक्षेत पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, खारे शेंगदाणे आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या पहिल्या वर्गात पास होतात. भडंगही चालतं, पण वाटीत चमचा घालून. उकडलेल्या शेंगा चवीला कितीही छान असल्या, तरी सोलायला दोन हात लागतात आणि पानं उघडी पडतात. भेळ करायची असेल, तर कुरमुरे, चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि चटण्या मांडून ठेवा. मधल्या सुट्टीत ज्याची त्याने कालवून घ्यावी. कोजागरीचं मसाला दूध संध्याकाळीच आटवून थर्मासमध्ये भरता येतं.

आणि भजी? जरूर करा. पण तेव्हा डाव थांबवा. कांदा चिरायला एक, पीठ भिजवायला एक, तळायला एक. सगळे स्वयंपाकघरात आणि खाऊन, हात धुऊन सगळे परत सतरंजीवर.

किती माणसांना कोणता खेळ?

तिघंच असतील, तर पाच-तीन-दोन. त्याला 30 पानं लागतात : अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची सगळी, शिवाय दोन सत्त्या. चौघांना मेंढीकोट. पाच ते आठ जणांना बदाम सात, त्यात नवख्यालाही लगेच खेळता येतं. अगदी लहान मुलं असतील, तर एक गुलाम बाजूला काढून गुलामचोर खेळा.

सहा जण असतील, तर मेंढीकोटच्या तीन जोड्या करा. हरलेली जोडी उठेल, थांबलेली जोडी बसेल. उठलेल्या जोडीने वाट्या भरायच्या, चहा टाकायचा आणि कप विसळायचे. या एका नियमाने स्वयंपाकघर कुणा एकीच्या नावावर राहत नाही. सासरे आणि सूनबाई एका जोडीत पडल्या, तर दोघांनाही ओट्यापाशी उभं राहावं लागेल. मुलांनी हे बघितलेलं बरं.

पैसे लावायचे का?

नको, रुपयाही नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली. त्याआधी ‘नुसती रमी’ म्हणत किती पैसे जातात, हे अनेक घरांनी पाहिलं आहे. घरच्या खेळात कारण आणखी साधं आहे. शाळेतला मुलगा, नोकरी नसलेली सून आणि पेन्शनवरची आजी यांच्या खिशात सारखे पैसे नसतात. पैसे आले, की सगळे बरोबरीने बसले असं म्हणता येत नाही. त्यापेक्षा चिंचोके वाटा. हिशेबही राहतो आणि हरलेला रडतही नाही.

पुढच्या वेळी पत्ते पिसण्याआधी एकदा मोजा : घरात माणसं किती आहेत आणि गोलात किती बसली आहेत. आकडे जुळत नसतील, तर आधी गॅस बंद करायला सांगा आणि मगच पानं वाटा.