पाट्या वर करा!

रविवारची सकाळ. देवळाच्या तळघरात किंवा भाड्याने घेतलेल्या एखाद्या खोलीत मराठीचा वर्ग भरला आहे. बाई फळ्यावर चार वाक्ये लिहितात, समजावून सांगतात आणि वळून विचारतात, ‘‘समजलं का सगळ्यांना?’’ वर्ग एका सुरात ‘‘हो!’’ म्हणतो. बाईंचे समाधान होते आणि पुढचा धडा सुरू होतो.

आम्हीही काही वर्षे असा वर्ग घेतला आहे आणि त्या ‘हो’वर विसंबून अनेकदा फसलो आहोत. मुले खोटे बोलतात असे नव्हे. ज्याला समजलेले नाही, त्याला आपल्याला समजलेले नाही हेच पुष्कळदा ठाऊक नसते. ज्याला ते ठाऊक असते, त्याला चारचौघांत कबूल करण्याची लाज वाटते. आणि ‘हो’ म्हटले की खाऊची सुट्टी लवकर होते, हे तर पाच वर्षांच्या पोरालाही कळते!

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. स्वयंपाकघरात ते ठीक आहे, कारण सगळा भात एकाच आचेवर शिजतो. वर्गातली मुले मात्र वेगवेगळ्या चुलींवरची असतात. एकाच्या घरी आजी राहायला असते, दुसऱ्याच्या घरी आईवडील आपसांतही इंग्रजी बोलतात. प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारी पहिल्या बाकावरची मुलगी बहुधा त्या आजीची नात असते. तिच्या उत्तरावरून आपण साऱ्या वर्गाचा भात शिजला असे ठरवतो, आणि मागच्या बाकावरची शिते कच्चीच राहतात.

यावर कोणी म्हणेल, परीक्षा आहे ना! १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाने पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्याने इथल्या मराठी शाळांसाठी अभ्यासक्रम आणि परीक्षा सुरू केल्या, ही मोठीच गोष्ट झाली. पण परीक्षा येते अभ्यासक्रम संपल्यावर. ऑक्टोबरात जे समजले नाही ते वर्षअखेरीस कळून काय उपयोग? आठवड्याला दीड तास आणि वर्षाला तीस रविवार धरले, तर हाती येतात पंचेचाळीस तास. मुलांच्या रोजच्या शाळेचे जेमतेम सात दिवस! एवढ्याशा वेळात मुले काय शिकली हे दर रविवारी पाहिलेच पाहिजे, असे आमचे मत आहे.

त्यासाठी फार मोठे शास्त्र लागत नाही. आपल्या जुन्या प्राथमिक शाळेतले गुरुजी तोंडी गणित घालीत. मुले उत्तर लिहून पाटी पालथी ठेवीत आणि ‘‘पाट्या वर करा!’’ म्हणताच सगळ्या पाट्या एकदम वर येत. शेजाऱ्याचे पाहून लिहायला वाव नसे आणि गुरुजींना एका दृष्टिक्षेपात सारा वर्ग कळे. आज इथल्या डॉलरच्या दुकानात छोटे पांढरे फळे मिळतात. त्यांची पाटी करायला काय हरकत आहे?

मात्र प्रश्न नेमका हवा. बाईंनी नुसता ‘मूळ’ हा शब्द उच्चारावा आणि मुलांना चित्र काढायला सांगावे. ज्याने झाडाच्या मुळाऐवजी बाळ काढले, त्याच्या कानाला ‘ळ’ अजून ऐकू येत नाही. किंवा फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत: ‘आम्ही आइस्क्रीम खायला चाललो आहोत’ आणि ‘आपण आइस्क्रीम खायला चाललो आहोत’. कोणत्या वाक्यात तुम्हालाही आइस्क्रीम मिळणार? पाटीवर एक किंवा दोन लिहा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे इथली मुले हमखास इथे अडखळतात. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा या एका प्रश्नाने अधिक कळते.

वाचनाचेही तेच. धडा घडाघडा वाचणारे मूल पुष्कळदा तो पाठ म्हणत असते. त्याच अक्षरांचे, पण पुस्तकात नसलेले एक नवे वाक्य त्याच्यासमोर ठेवावे. ते वाचता आले तर वाचता येते असे समजावे.

प्रश्न विचारल्यावर थांबणेही आवश्यक आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तोच अवधी तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. आपल्या मुलांना तर प्रश्न मनात इंग्रजीत नेऊन उत्तर मराठीत आणायचे असते. त्यांना पाच सेकंद द्यावेत.

इथल्या शाळांत आणखी एक पद्धत आहे. तास संपताना प्रत्येक मूल चिठ्ठीवर एका प्रश्नाचे उत्तर लिहून दारात शिक्षकाच्या हाती देते. आपणही मुलांना आज शिकलेला एक शब्द वापरून एक वाक्य लिहायला सांगावे. गुण नकोत, लाल शाई तर मुळीच नको. घरी गेल्यावर त्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करावेत: जमले, थोडे जमले, जमले नाही. तिसरा ढीग मोठा असेल, तर पुढच्या रविवारची पहिली दहा मिनिटे तिथेच द्यावीत. हे जर करायचे नसेल, तर चिठ्ठ्या गोळा करण्याचे श्रमही घेऊ नयेत. तपासून पुढचा धडा बदलला नाही, तर ते तपासणे नव्हे, नुसती नोंद झाली.

आमचे शिक्षक म्हणतील, आम्ही पगारी नाही, नोकरी-संसार सांभाळून शिकवतो. हे व्याप कुठून करायचे? तक्रार रास्त आहे. पण यासाठी लागतात दहा मिनिटे, आणि ती धड्याच्या वेळेतून काढली तरी चालतील. धडे चार कमी झाले तर आभाळ कोसळणार नाही. अकरा-बारा वर्षांची झाली की मुले मराठी शाळा सोडू लागतात, आणि आपण सॉकरला दोष देतो. त्यातली कित्येक मुले खेळासाठी नव्हे, तर मागे पडल्याची लाज वाटते म्हणून जातात, असे आम्हाला वाटते. दोन वर्षे कळत नसलेल्या वर्गात ‘हो’ म्हणत बसणे कोणाला आवडेल?

शेवटी पालकांना एक विनंती. गाडीत बसताच ‘‘आज काय शिकलास?’’ असे विचारू नये. ‘‘काही नाही’’ हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी संध्याकाळी पुण्याला किंवा नागपूरला आजीला फोन लावून द्यावा आणि आज ऐकलेली गोष्ट तिला सांगायला सांगावे. आजी मधेच विचारील, ‘‘मग रे, पुढे काय झालं?’’ तिच्याइतका प्रेमळ आणि कडक परीक्षक आम्हाला तरी दुसरा माहीत नाही.